पानांवरचं पांढरं

४ डिसेंबर १९७७. बंबातली राख गार झाली तशी चाळून घेतली आणि जुन्या धोतराच्या फडक्यात सैलसर बांधली. पानांवर दव आहे तोवरच हे काम उरकावं लागतं. ऊन चढलं की पान कोरडं होतं, राख धरत नाही, खाली सांडते. पुरचुंडी डाव्या हातात धरायची, उजव्या हाताने तिच्यावर काडीने हलकं मारत झाडाभोवती फिरायचं आणि प्रत्येक पान उलटून बघायचं. कीड खालच्या बाजूला असते. वरून हिरव्यागार दिसणाऱ्या पानावर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

झाडं भरताच्या वांग्याची आहेत. चंपाषष्ठी जवळ आली म्हणजे जळगावात दुसऱ्या भाजीबद्दल कोणी बोलत नाही. आषाढीपासून वांगं सोडलेली माणसं आता दिवस मोजायला लागलेली असतात. षष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग घरोघर कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायला सुरुवात करायची, ती थंडी सरेपर्यंत.

राख झाल्यावर बाजारात गेले. माझी झाडं यंदा उशिरा धरली, घरच्या वांग्यांवर भागेल असं वाटत नाही. भाजीवालीने पांढरट हिरवी, वीतभर लांब, चकचकीत वांगी रचून ठेवली होती. एकावरही डाग नाही, भोक नाही.

"घ्या ताई, एक बी किडकं निघणार नाही," ती म्हणाली.

"म्हणूनच नको," मी म्हणाले.

तिला माझं बोलणं चढेलपणाचं वाटलं असेल. पण मला खरंच ती वांगी नको होती. अळीने पोखरलेलं वांगं कापता येतं, किडका भाग काढून टाकता येतो. न किडलेल्या वांग्यातला कुठला भाग काढायचा ते कोण सांगणार? ज्या वांग्याला अळीने तोंड लावलं नाही, त्यात अळीला काहीतरी कळलेलं असणार, जे मला कळलेलं नाही. ऑक्टोबरात पाचोऱ्याहून येताना एस.टी.च्या खिडकीतून कपाशीवरच्या फवारणीचा वास आत आला होता. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. शेजारची बाई म्हणाली, यंदा पीक छान आहे. वासावरूनच तिने ते ओळखलं होतं. कपाशी कोणी खात नाही हे ठीक, पण तोच पंप संध्याकाळी बांधावरच्या वांग्यांवर चालत नसेल कशावरून?

राखेचे हात धुताना दरवर्षी मला धुळ्यातला तो हंगाम आठवतो. त्याला अकरा वर्षं झाली.

आम्ही तेव्हा धुळ्याला देवपुरात राहत होतो. हे पोस्टात. भाड्याचं घर दोन खोल्यांचं, पण मागे परसदार चांगलं ऐसपैस. एका कडेला मेंदीचं कुंपण, त्याच्या पलीकडे शेजाऱ्यांचं परसदार. त्या वर्षी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना सगळं गाव माय म्हणायचं, म्हणून मीही माय म्हणत असे. पिंपळनेरजवळच्या खेड्यात त्यांचा जन्म गेला. डोळ्यांना दिसायला कमी झालं, एकटीने चूल पेटवणं धोक्याचं झालं, म्हणून ह्यांनी आणलं. आल्या दिवसापासून त्यांचं एकच मागणं होतं. गावी असताना खंडोबाच्या नैवेद्याचं वांगं कधी विकत आणलं नव्हतं. इथेही ते दारातलं पाहिजे. विकतचं देवाला चालत असेल, मायला चालत नव्हतं.

मला बागेची हौस कधीच नव्हती. पण पावसाळा जवळ आला होता, जमीन मोकळी पडली होती, आणि म्हाताऱ्या माणसाने मागून मागून काय मागितलं तर चार वांगी. ह्यांच्या जळगावच्या मित्राकडून भरताच्या वांग्याची रोपं आणवली आणि आषाढात लावली. माय बाज टाकून परसात बसायच्या आणि डोळ्यांना न दिसणारी झाडं हाताने चाचपून बघायच्या. पान बोटांत धरून त्या सांगत, हे खाल्लेलं आहे. बहुतेक वेळा खरं असायचं.

रोपं लावली त्या दिवसापासून माझी कोणावर तरी पाळत सुरू झाली. श्रावणात लालसर, काळ्या ठिपक्यांचे भुंगे आले. दिसायला इतके देखणे की आमची मंदा, तेव्हा सहा वर्षांची, त्यांना हातावर घेऊन फिरायची. त्यांच्या पिवळ्या काटेरी अळ्या पानाच्या खालच्या बाजूने हिरवा भाग खरवडून खातात, आणि दोन दिवसांत पानाची चाळण होते. मी घरातलं जे हाताला येईल ते वापरून बघितलं. ताक आंबवून शिंपडलं, तर अळ्यांना काही झालं नाही, घराला मात्र आठवडाभर वास मारत होता. मिरची-लसूण वाटून त्याचं पाणी मारलं, तर अळ्या थोड्या पांगल्या आणि माझेच डोळे चुरचुरले. सगळ्यांत कामाचं निघालं ते हाताने वेचणं. जुन्या तेलाच्या डब्यात पाणी, त्यावर बोटभर रॉकेल, आणि सकाळी एकेक अळी टिपून त्यात टाकायची. कंटाळवाणं काम, पण त्यात फसवणूक नाही. मेलेली अळी मेलेली दिसते.

हा डबा घेऊन मी उभी असताना एकदा कुंपणापलीकडून सुंदरभाभींनी बघितलं.

सुंदरभाभी आमच्या शेजारीण. मारवाडी जैन कुटुंब. राजस्थानातून दोन पिढ्यांपूर्वी आलेलं. गल्ली क्रमांक किती ते आता आठवत नाही, पण शहरात त्यांचं कापडाचं दुकान होतं. भाभी माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, अंगाने बारीक, बोलणं हळू. त्या पाणी गाळून गाळण्यातला उरलेला थेंबही जपून परत विहिरीत सोडत. वांगं त्यांच्या घरात बारा महिने वर्ज्य. त्या नुसत्या डब्यात बघत राहिल्या. मला ते बघणं आवडलं नाही. मी म्हटलं, "भाभी, मी काही हौसेने करत नाही."

त्या म्हणाल्या, "नाही वहिनी, तुमचं झाड आहे, तुमचा हक्क आहे. पण मला द्या ना त्या. मी सोडून येते."

"कुठे सोडता?"

"नदीकडे रिंगणीची झुडपं आहेत, वांग्याच्याच जातीची. तिथे खातील."

मला यात काही तोटा दिसला नाही. रॉकेल तरी वाचलं. त्या दिवसापासून अळ्या आणि भुंगे पानं घातलेल्या डब्यात जमा व्हायला लागले आणि भाभी पदराखाली डबा घेऊन पांझरेच्या काठाला जायला लागल्या. पण अळ्या कमी होईनात. रोज वेचल्या तरी रोज तितक्याच. मग मला वेगळीच शंका आली. पांझरा लांब, भाभींचे गुडघे दुखरे, आणि कुंपण हाताशी. त्या खरंच नदीपर्यंत जात असतील का?

मी सरळ विचारलं नाही. विचारलं तर कोण खरं सांगतं? विड्याच्या पानांच्या डब्यातून बोटभर चुना घेतला, आणि काडीच्या टोकाने चार-पाच भुंग्यांच्या पाठीवर पांढरा ठिपका दिला. ते भुंगे वाळेपर्यंत वाटीखाली झाकून ठेवले, मग डब्यात घालून भाभींच्या हवाली केले. पुढचे काही दिवस मी पानं उलटून ठिपकेवाले भुंगे शोधत होते. एकही सापडला नाही. हे म्हणाले, झालं ना समाधान? मी म्हटलं, पावसाने चुना धुऊन गेला असेल.

भाद्रपदात शेंड्यांवर मावा आला. बारीक, हिरवट, चिकट. त्यावर साबणाचं पाणी चालतं. कपड्याचा साबण किसून गरम पाण्यात विरघळवायचा, गार करून कुंच्याने शिंपडायचा, आणि ऊन व्हायच्या आत साध्या पाण्याने झाड धुऊन टाकायचं. मावा जातो. पण आमच्याकडे जाऊन परत येत होता. मी एक दिवस पाटावर बसून नुसतं बघत राहिले. मुंग्या माव्यात फिरत होत्या, त्याला हात लावत नव्हत्या, उलट गवळ्याने म्हशी राखाव्या तशा त्याला राखत होत्या. मुंग्यांची रांग धरून मागे गेले तर ती कुंपणाखालून पलीकडे गेली, आणि भाभींच्या परसातल्या वारुळाशी थांबली. तिथे पिठाची पांढरी रेघ होती, वर साखर भुरभुरलेली.

ही त्यांची रोजची रीत होती. सकाळी अंघोळ झाली की मुंग्यांच्या बिळाशी मूठभर पीठ आणि चिमूटभर साखर. त्यांच्याकडे त्याला किडीनगरा सींचणं म्हणतात. माहेरी आजी घालायची, आई घालायची, म्हणून त्या घालत. म्हणजे माझ्या वांग्यांवरच्या गवळणी भाभींच्या घरी जेवून कामाला येत होत्या. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या ओशाळल्या. दुसऱ्या दिवसापासून पीठ परसाच्या पार टोकाला, चिंचेखाली पडायला लागलं. मुंग्यांना ते कळायला दोन-तीन दिवस लागले. मावा खरंच कमी झाला. तरी मी रोज कुंपणाखाली वाकून बघत असे. बदललेली सवय माणूस कुठवर पाळतो, सांगता येत नाही.

आता या वयात वाटतं, संशय हेही एक परसातलं कामच आहे. रोज थोडं थोडं करावं लागतं. एक दिवस सोडलं की वाढतं. माझ्या ओळखीच्या बायका म्हणतात, सारखं काय उलटून बघायचं, जे दिसतं ते घ्यावं. त्यांच्या घरी वांगं चिरल्यावर आतून काय निघतं ते मी बघितलेलं आहे.

नवरात्रापासून शेंडे माना टाकायला लागले. शेंडा पोखरणारी अळी आत शिरलेली असते, बाहेरून काही करता येत नाही. सुकलेला शेंडा खाली दोन बोटं घेऊन कापायचा आणि चुलीत घालायचा. ते काम मी भाभींची अंघोळ चाललेली असताना करत असे. तंबाखूचं पाणी मी एकदाच वापरलं, फुलं यायच्या आधी. बिड्या वळणाऱ्या एका बाईकडून चुरा आणला, रात्रभर भिजवला, उकळला. शिंपडताना मला घेरी आल्यासारखं झालं. नुसत्या वासाने मला असं होत असेल तर फळावर पडलेलं पोटात गेल्यावर काय होईल? उरलेलं पाणी खड्डा करून पुरलं आणि ते भांडं पुन्हा वापरात घेतलं नाही. राख मात्र सगळ्या हंगामात चालली. राख मी स्वतः केलेली असते. तिच्यात काय आहे हे मला माहीत असतं.

ह्यांना माझी ही रोजची खटपट हास्यास्पद वाटायची. दिवाळीनंतर त्यांनी बाजारातून डी.डी.टी.च्या भुकटीचा डबा आणला. म्हणाले, सगळं जग हेच वापरतं, एकदा भुरभुरलं की महिनाभर बघायला नको. मी तो डबा घेतला, झाकणावरून सुतळी आवळली, माझ्या पद्धतीची गाठ मारली आणि माळ्यावर ठेवून दिला. महिनाभर बघायला नको, हेच मला त्यातलं सगळ्यांत भीतीचं वाटलं होतं.

एवढं करून कार्तिकात झाडांना वांगी धरली. काही किडली, पण मोठी, निरोगी अशीही टिकली. माय रोज त्यांना हात लावून वजन घेत. मार्गशीर्षातल्या पंचमीच्या आदल्या संध्याकाळी मी कुंपणाशी उभी राहून भाभींना सांगितलं, उद्या सगळी झाडं शेवटची वेचून काढणार, परवा देवाचं आहे, एकही अळी ठेवणार नाही. त्या नुसत्या हूं म्हणाल्या.

पंचमीला सकाळी परसात गेले तर वांग्याच्या पानांवर पांढरं होतं.

राख करडी असते. हे पांढरं होतं, मऊ, बारीक. पानांवर, देठांवर, दोन वांग्यांच्या पाठीवर. दवात भिजून त्याचे ठिपके झाले होते. मी हात लावला नाही. मंदाला घरात घेतलं आणि कडी लावली. मग माळ्यावरून डबा काढला. सुतळी होती. गाठ माझी नव्हती.

हे दाढी करत होते. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला. ते आरशात बघतच म्हणाले, मायच्या बाजेत ढेकूण झाले होते, बाजेवर भुकटी टाकली परवा. मी विचारलं, मला सांगितलं का नाही? "सांगितलं असतं तर टाकू दिली असतीस?" त्यांनी विचारलं. वांग्यांवर टाकली नाही, असं मात्र शपथेवर म्हणाले. बाज कुठे ठेवून टाकली, हे विचारल्यावर त्यांनी वस्तरा खाली ठेवला. बाज परसातच होती. उन्हात. झाडांच्या शेजारी. त्या दिवशी वारा होता की नाही हे त्यांना आठवत नव्हतं.

मायना विचारलं. त्यांच्यावर माझा संशय नव्हता असं नाही. चांगल्या वांग्यासाठी त्या काय करतील याचा भरवसा मला वाटत नव्हता. देवाच्या वांग्यावर विष घालतील असं मला वाटलं, म्हणून त्या दुखावल्या. म्हणाल्या, "इख शे ते. माले समजस नई का?"

मग मी कुंपणाशी गेले आणि भाभींना हाक मारली. त्या आल्या, माझ्या बोटाच्या दिशेने झाडाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"पीठ आहे वहिनी," त्या म्हणाल्या. "मीच टाकलं. पहाटे."

"झाडावर? कशाला?"

"तुम्ही म्हणाल्या, आज एक पण ठेवणार नाही. मी म्हटलं, पोट भरलं तर त्या वांग्याला तोंड लावणार नाहीत, मग तुम्ही मारणार नाही. पोट भरलेलं कोणी दुसऱ्याच्या ताटात हात घालतं का?"

हसावं की रागवावं ते मला कळेना. अळ्या पीठ खात नाहीत, हे बाईला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मुंग्या खातात म्हणजे सगळे जीव खात असतील, असा तिचा साधा हिशेब. पण मी हसले नाही, कारण माझा विश्वास बसला नव्हता. विषाच्या डब्याची गाठ सुटलेली असताना शेजारीण पीठ आहे म्हणते, हे जरा जास्तच सोयीचं वाटलं. मी घरातून टिंक्चर आयोडीनची बाटली आणली. शाळेत बाईंनी बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकून दाखवलं होतं, तेवढंच शास्त्र मला येतं. एका पानावरच्या ठिपक्यावर थेंब टाकला. तो निळा-काळा झाला. दुसऱ्यावर टाकला, तोही झाला.

"पीठच आहे," मी म्हणाले.

"मग मी काय सांगितलं?" भाभी म्हणाल्या.

"वरचं पीठ आहे. खालचं काय आहे ते बाटली सांगत नाही." आणि मी त्यांना बाजेची आणि डब्याची गोष्ट सांगितली. वाऱ्याने भुकटी पानांवर बसली असेल, तर ती पिठाखाली आहे. वरच्या पिठावरून कळणार नाही.

भाभींनी कुंपणाची फांदी धरली. एवढ्या वेळात माझं लक्ष वांग्यांवर होतं, पण त्या पानांकडे बघत होत्या. पानांवर मुंग्या होत्या. चिंचेकडून पुन्हा रांग आली होती, पिठाचे कण तोंडात धरून परत जात होती. पहाटेपासून जात असणार.

"म्हणजे खाली दवा असली तर," त्या म्हणाल्या, "मी त्यांना जेवायला बोलावून मारलं."

मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. पण त्यांना ते ऐकू गेलं नाही. त्यांना सगळी पानं तिथल्या तिथे धुऊन टाकायची होती. मला ते नको होतं, पुरावा जाईल म्हणून. मला उलट वाटत होतं, जास्त पांढरी दोन पानं तोडून बिळाशी ठेवावी आणि काय होतं ते बघावं. ते मी बोलले मात्र, तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की वाक्य अर्धंच राहिलं. शेवटी ठरलं ते असं: नवीन काही ठेवायचं नाही, जे गेलं ते गेलं. झाडं धुवायची. सकाळपर्यंत मुंग्यांचं काय होतं ते बघायचं.

भाभी स्वतः आल्या. आमच्या परसात दिवसाउजेडी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गाळलेल्या पाण्याची बादली घेऊन, एकेका पानाखाली हात धरून, आधी मुंगी फुंकरीने बाजूला करून मग पान धूत होत्या. जाताना म्हणाल्या, उद्या कळेपर्यंत मी काही घेणार नाही. म्हणजे उपास. मी त्यांना कशाला म्हणून विचारलं नाही. माझ्या सासूने चार महिने वांगं सोडलं होतं, ते मी कुठे विचारलं होतं?

घरात वेगळाच वाद. हे म्हणाले, वांग्याची साल तर जळूनच जाते, मग एवढं काय? मी विचारलं, आणि धूर कुठे जातो? ते म्हणाले, बाजारातून आणू. बाजारातल्या वांग्यांवर काय टाकलं आहे हे तरी कोणाला विचारणार होतो? इथे निदान गुन्हेगार ओळखीचे होते. माय भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. एवढंच म्हणाल्या, की नसलं तर नसलं, देव उपाशी राहणार नाही. त्यांचा आवाज ऐकून मला वाटलं, देवाचं काही नाही, पण ह्या राहतील.

षष्ठीच्या सकाळी उजाडलं तशी मी चिंचेकडे गेले. भाभी आधीच तिथे उकिडव्या बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून. बिळाच्या तोंडाशी रांग चालू होती. मुंग्या आत जात होत्या, बाहेर येत होत्या, नेहमीसारख्या घाईत. कालच्या पिठाचा मागमूस नव्हता. पण बिळाच्या एका बाजूला काही मेलेल्या मुंग्या पडल्या होत्या. फार नाहीत, ओंजळीच्या तळाशी मावतील एवढ्या.

भाभी त्यांच्याकडेच बघत होत्या. मुंग्या आपली मेलेली बाहेर आणून टाकतात, हे मी पाटावर बसून कितीदा बघितलं होतं. रोज एवढ्याच असतात की आज जास्त आहेत, हे मात्र कधी बघितलं नव्हतं. सगळा हंगाम पानं उलटली आणि नेमकं हे बघायचं राहून गेलं.

"रोजच्याच असतील ना?" त्यांनी विचारलं. माझं नाव संशयी म्हणून गल्लीत झालेलं. माझ्या तोंडून हो आलं असतं तर त्यांनी ते मानलं असतं आणि घरी जाऊन पाणी घेतलं असतं. म्हणूनच मला नुसतं हो म्हणवेना.

"असं वाटतं खरं," मी म्हणाले. "दुपारपर्यंत पक्कं सांगते."

परत येऊन मी झाडावरचं एक वांगं तोडलं. ज्याच्या पाठीवर काल सगळ्यांत जास्त पांढरं होतं, तेच. परसातच दोन विटांमध्ये कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि ते वर ठेवलं. वास आल्यावर माय दाराला धरत बाहेर आल्या. त्यांना वाटलं, नैवेद्याची तयारी चालली. मी साल काढून एका बाजूचा गर ताटलीत घेतला आणि तिथेच पायरीवर बसले, तेव्हा त्यांना कळलं.

"देवना पहिले खाशी?" त्या म्हणाल्या.

"देवाला काय होणार आहे? तुम्हाला आणि पोरीला होईल."

 त्यांनी पायरीवर हात फिरवून जागा बघितली आणि त्या माझ्या शेजारी बसल्या. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला, जसा त्या वांग्यावर ठेवत, वजन बघायला. हे दारात आले, बघून परत आत गेले. मी पहिला घास घेतला. कुंपणापलीकडे सुंदरभाभी उभ्या होत्या. बारा महिने वांगं न शिवणारी बाई, माझ्या तोंडाकडे टक लावून.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"मीठ नाही."

त्या घाईने आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या, मेंदीवरून हात लांब करून दिली. वाटीत पांढरं, बारीक असं होतं. मी आधी ते बोटावर घेऊन जिभेला लावून बघितलं. मीठच होतं. मग वांग्यावर घातलं.